लेकीला आणायला गेले होते

संगमनेरच्या एसटी स्टँडवर मला पोचवायला अकरा बायका आल्या होत्या. काशीला निघालेल्या माणसालाही एवढी माणसं येत नाहीत. पण मी लेकीला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायला भिवंडीला निघाले होते आणि ती बातमी मी स्वतःच गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचवली होती. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आमचे हे म्हणतात. त्यांचं खरं आहे. मुलगा इंजिनिअर झाला तेव्हा दूधवाल्यापासून गिरणीवाल्यापर्यंत सगळ्यांना मीच सांगितलं, आणि लेक गणितात विद्यापीठात दुसरी आली तेव्हा तर महिनाभर मला दुसरा विषयच नव्हता.

पिशवीत हिरवी साडी होती, खण होता, चुडा होता, आमच्या महिला मंडळातल्या बायकांनी बसून केलेले फुलांचे दागिने होते. डोहाळजेवणाचा दिवस ठरला होता. झोपाळा कुणाच्या अंगणातल्या आंब्याला बांधायचा तेही ठरलं होतं. लेकीला तेवढं विचारायचं राहिलं होतं. फोनवर ती "बघू गं आई" म्हणाली होती, आणि तिचं 'बघू' म्हणजे 'हो', असं मी धरून चालले.

दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं गेली असतील तेव्हा. हिवाळा संपत आला होता. नाशिकला गाडी बदलली. कसाऱ्याचा घाट उतरेपर्यंत खिडकीतून गार वारा येत होता, घाट उतरल्यावर तोच वारा कोमट आणि चिकट झाला. कापणी झालेली भातखाचरं करड्या रंगाची, मधूनच काळी जळालेली. इकडे शेत पेरण्याआधी पालापाचोळा टाकून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात, असं शेजारच्या बाईने सांगितलं. ती पडघ्याची होती. मांडीवर वांग्यांची टोपली घेऊन बसली होती.

"पहिलटकरीण हाय का लेक?" तिने विचारलं.

"हो. एम.एस्सी. आहे. भिवंडीत गणित शिकवते. जावईसुद्धा त्याच शाळेत आहेत."

"त्ये झालं. पन पोरीला बरं हाय ना?"

"बरं म्हणजे काय, तिच्या वर्गाचा निकाल शंभर टक्के लागला यंदा."

बाईने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि टोपली सावरली. पडघ्याला ती उतरली. स्टँडच्या पुढे ट्रकची रांग लागली होती आणि रस्त्यापलीकडे शेतातच गोदामांचे पत्रे चमकत होते. मला त्या बाईचा थोडा राग आला होता. शिकलेल्या मुलीचं महत्त्व काही लोकांना कळत नाही, असं मनाशी म्हणून मी करंज्यांचा डबा नीट आहे ना ते पाहिलं.

भिवंडीच्या स्टँडवर रिक्षावाल्याने "कहाँ जाना है माँजी?" असं विचारलं. माझं हिंदी अगदीच बेतास बात. "उधर, जहाँ कारखाने हैं," असं मी सांगितलं. तो हसला, कारण त्या गावात कारखाने नाहीत अशी गल्ली शोधूनच काढावी लागेल. त्याने मला दोन गल्ल्या अलीकडे उतरवलं. दोन्ही बाजूंना यंत्रमाग. लूम म्हणतात तिथे. आवाज असा की तो कानात शिरत नाही, छातीत शिरतो. गटारांच्या कडेला कापसाची पिंज साचून राखाडी झालेली. एका दाराशी बनियनवर उभ्या असलेल्या कामगाराला मी मोठ्याने पत्ता विचारला. त्याने स्वतःच्या कानाकडे बोट दाखवून नकारार्थी हात हलवला, माझ्या हातातला कागद वाचला, मग दोन बोटं दाखवून हात उजवीकडे वळवला. बरोबर दोन गल्ल्या सोडून उजवीकडेच लेकीचं घर निघालं.

घर दुमजली. जावयाच्या वडिलांनी बांधलेलं. ते आता नाहीत. खालचा मजला लूमवाल्याला भाड्याने दिलेला आणि वर ही तीन माणसं: लेक, जावई आणि माझी विहीण. विहीण मूळची खारबावची, शेतकऱ्याघरची, चौथी शिकलेली. लग्न लेकीने स्वतः जमवलेलं. तेव्हा मी गल्लीत "मोठं जमीनदार घराणं आहे" असं सांगितलं होतं आणि मनातून जरा खट्टूच होते.

लेक दारात आली. पोट चांगलंच दिसत होतं, चेहरा मात्र ओढलेला. मी तिला जवळ घेतलं आणि बोलायला लागले, तर तिने हसून खाली बोट दाखवलं. ऐकू येत नव्हतं. त्या घरात फरशी सतत थरथरते. कपात चहा ओतला की त्यावर बारीक लाटा उठतात. मला वाटलं, ही माणसं इथे बोलतात कशी?

ती बोलतच नव्हती. विहीणबाईंनी स्वयंपाकघरातून नुसती भुवई उचलली, लेकीने दोन बोटं दाखवली. दोन भाकऱ्या आल्या. लेकीने कमरेवर हात ठेवला तर विहीणबाईंनी उशी आणून तिच्या पाठीमागे दिली. मग स्वतःच्या पोटावर तळवा ठेवून मान तिरकी केली. लेकीने मान डोलावली. बाळ हलतंय का, असं विचारलं होतं, हे मला मागाहून कळलं. चौथी शिकलेली बाई माझ्या एम.एस्सी. झालेल्या मुलीशी दिवसभर बोलत होती आणि त्यातलं मला अक्षरही कळत नव्हतं. मला हेवा वाटला, अगदी जळजळीत हेवा. तो लपवण्यात अर्थ नाही.

जेवायला तांदळाच्या भाकऱ्या होत्या, बिरडं (मोड आणून सोललेल्या वालाची उसळ) आणि वांग्यात घातलेली सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी). सगळं चवदार होतं. जावई शाळेत गेले होते. आम्ही तिघी जेवत होतो आणि मी लेकीच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगत होते, कोण कोण येणार, झोपाळा कुठे, फोटोवाला कोण. तिला निम्मं ऐकू येत असेल. ती ताटातलं भाकरीचं टोक नुसतं मोडत होती.

"अख्ख्या गल्लीला आमंत्रण दिलंय!" असं मी ओरडले आणि त्याच क्षणी वीज गेली. खालचे सगळे लूम एकदम थांबले. त्या शांततेत माझाच आवाज मला ऐकू आला, आणि तो मला फार वाईट वाटला.

"लाईट गेली. आता पाऊन तास," विहीणबाई म्हणाल्या. तेव्हा भारनियमन असायचं. "काय बोलायचं त्ये बोलून घ्या. आमचे घरात बोलनं तेवढंच." त्या ताटं घेऊन उठल्या.

"आई, मी येणार नाहीये," लेक म्हणाली.

मला वाटलं, थट्टा करतेय. मग वाटलं, सासूने शिकवलं. तसं मी बोलूनही दाखवलं, तेही विहीणबाईंना ऐकू जाईल असं.

"त्यांचं नाव घेऊ नकोस. डॉक्टरांनी प्रवास नको सांगितलाय. आणि तसं सांगितलं नसतं तरी मी आले नसते."

"पण का? पहिलं बाळंतपण माहेरी..."

"पहिलं नाहीये हे." ती भिंतीकडे बघत होती. "गेल्या वर्षी एक गेलं. साडेचार महिन्यांचं होतं."

हे लिहायची तिने मला परवानगी दिली आहे. फक्त माझं नाव घालू नकोस म्हणाली; म्हणून आतापर्यंत ते आलेलं नाही आणि पुढेही येणार नाही.

मी काय बोलले ते मला धड आठवत नाही. मला का कळवलं नाहीस, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिले असेन. मी आई आहे की कोण आहे, असंही म्हणाले.

"दहावीला तू निकालाच्या आधीच पेढे आणले होतेस, मी बोर्डात येणार म्हणून," ती शांतपणे म्हणाली. "मी आले नाही. मग तेच पेढे तू मी शाळेत पहिली आले म्हणून वाटलेस. मी तिसरी आले होते, आई. पहिली आलेली मुलगी आपल्याच गल्लीत राहायची. तिच्या घरीही तू पेढा दिलास. मी वर्षभर त्या घरावरून गेले नाही."

मला तो पेढा देतानाचा माझा हात आठवला. खरं तर मी ते विसरले नव्हते, त्याचा विचार करायचं तेवढं टाळलं होतं.

"मी तुझं कौतुकच करत होते ना गं?"

"हो. पण मला त्याची भीती वाटते. हे बाळ नीट होईपर्यंत मला कुणी कौतुक करायला नकोय. कुणी बघायला यायला नकोय. आणि पुन्हा काही झालं, तर ते अख्ख्या गल्लीला सांगायला नकोय."

मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही. आणखी बरंच विचारायचं होतं. कुठे होतीस, कोण जवळ होतं, फार दुखलं का. तेवढ्यात वीज आली, खाली एकेक लूम सुरू झाला आणि फरशी पुन्हा थरथरू लागली. लेकीने डोळे पुसले आणि वह्या तपासायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाईंनीच पाट मांडला. लेक हिरवी साडी नेसली. आम्ही दोघींनी तिची ओटी भरली. गाणी नाहीत, फोटो नाही, लूमच्या आवाजात काही म्हणायचीही सोय नाही. फुलांचे दागिने मी पिशवीतून काढलेच नाहीत. लेकीने वाकून दोघींना नमस्कार केला, आधी त्यांना आणि मग मला. ती सवयीने तशी वाकली असेल. मला ते लागलं, आणि लागलेलं मी बोलून दाखवलं नाही, हे माझ्या दृष्टीने मोठंच काम होतं.

स्टँडवर पोचवायला विहीणबाई आल्या. नाशिकची गाडी लागायला वेळ होता. आदल्या दिवशी जे बोलले त्याची माफी मागायची म्हणून मी सुरुवात केली, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"ताई, मी काय बोलते, मनाला लावून घेऊ नका. त्या टायमाला दवाखान्यात पोर तुमचंच नाव घेत होती. दुपारपासनं नुस्ती आई आई आई. मी बोलले, थांब, फोन लावते आईला. तर माझा हात धरला तिनं. बोलली, नको, आईला चांगलंच सांगायचं असतं."

"असं म्हणाली?"

"हां. मंग मीच बसले जवळ. माझ्याच्यानं काय व्हनार? हात धरून बसले." त्या पदराने चेहरा पुसत होत्या. "मला काय, मला वाईटच सांगते ती सगलं. चांगलं शालेत काय झालं त्ये मला न्हाय सांगत. त्ये तुम्हाला."

गाडी आली. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण वयाने मी मोठी. मी नुसती त्यांच्या हातात करंज्यांचा डबा दिला, तोही आदल्या दिवशीच द्यायचा राहिलेला. आत निम्म्या करंज्यांचा चुरा झाला होता.

परतीच्या प्रवासाचं लिहिण्यासारखं काही नाही. शेजारी एक गृहस्थ होते, त्यांनी विचारलं, "मुलंबाळं काय करतात?" आयुष्यात पहिल्यांदाच मी झोपेचं सोंग घेतलं. घाट चढताना डोळे मिटूनच मी हिशेब करत होते, लेकीने मला आजवर वाईट असं काय सांगितलं? लहानपणी पडली, ताप आला, तेवढंच. मैत्रीण तुटली असेल, कुणी टोचून बोललं असेल, नापास व्हायची भीती वाटली असेल. मला एकही गोष्ट माहीत नव्हती. मार्क मात्र चौथीपासूनचे पाठ होते.

गल्लीत उतरले तर बायका ओट्यावर होत्याच. "लेक कुठाय?" म्हणाल्या. "डॉक्टर प्रवास नको म्हणाले," मी सांगितलं. "का? काय झालं? काही कमी-जास्त?" मला सांगता आलं असतं. सगळ्या हळहळल्या असत्या, चहा घेऊन आल्या असत्या, मला फार बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही." त्यांचा विश्वास बसला नाही. मला माहीत नाही, असं माझ्या तोंडून त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. ते उठले आणि झोपाळ्यासाठी आंब्याला बांधलेला दोर सोडवायला गेले.

दोन महिन्यांनी सकाळी लेकीचा फोन आला. "आई, मुलगी झाली. दोघीही छान आहोत. आता सांग हं सगळ्यांना."

"कधी झाली?"

"परवा."

परवा झाली आणि मला आज. मधल्या दोन दिवसांत नात काचेच्या पेटीत होती, हे मला पुढे विहीणबाईंकडून कळलं. तेव्हा मी एवढंच म्हटलं, "काही वाईट झालं असेल तर आधी ते सांग."

ती म्हणाली, "नाही गं आई, सगळं छान आहे."

नात आता बालवाडीत जाते. मंडळाच्या या वार्षिक अंकात मी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या सहलीचं लिहिते आणि त्यात मुलांचं कौतुक घुसडते, अशी माझी ख्याती आहे. यंदा हे लिहिलं. दर रविवारी भारनियमनाची वेळ साधून मी भिवंडीला फोन लावते. शाळेचा निकाल विचारत नाही, नातीला कविता म्हणायला लावत नाही. लेकीला काय सांगायचं असेल त्याची वाट बघते. चार वर्षं ती "सगळं छान" म्हणत राहिली. मी तरी दुसरं काय शिकवलं होतं तिला?

गेल्या महिन्यात एका रविवारी ती म्हणाली, "आई, परवा शाळेतून आले आणि जिन्यातच बसून खूप रडले."

"का गं?" मी विचारलं. तिने सांगितलं. वीज येईपर्यंत सांगत होती. ते मी ह्यांनाही सांगितलेलं नाही, आणि इथे लिहीत नाही.