उठता यायला हवं

बसकंपनीत चालकांच्या ड्यूट्या लावणं म्हणजे रोज ताज्या शिव्या खाण्याचं काम. ज्याला पहाटेची गाडी मिळते त्याला दुपारची हवी असते, आणि ज्याला दुपारची मिळते त्याच्या मेव्हण्याचं लग्न नेमकं दुपारीच निघतं. आगाराच्या वरच्या मजल्यावर, दोन पडद्यांसमोर बसून हे काम करणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असलेले चालकही ताईच म्हणत, कारण भांडायला गेलेला माणूस भांडण विसरून हसत खाली उतरेल, अशी त्यांची जीभ होती.

एका बाबतीत मात्र ताई कोणाचं ऐकत नसत. सलग चाकावर बसलेल्या माणसाला मधे उतरून पाय मोकळे करायला वेळ मिळालाच पाहिजे. त्यासाठी त्या साहेबांशी दोन हात करत. "आखडलेल्या माणसाच्या हातात पन्नास जिवांची गाडी देऊ?" असं त्यांनी विचारलं की साहेब मुकाट सही करत.

त्या स्वतः मात्र सकाळी खुर्चीत बसल्या की बसल्या. पाण्याची बाटली उजव्या हाताला, प्रिंटर डाव्या हाताला, आणि कपाटापर्यंत जायचं तर खुर्चीसकट सरकत. "खुर्चीला चाकं दिलीत ती काय शोभेला?" असं म्हणून स्वतःच हसत. मान आखडायची, संध्याकाळी जिना उतरताना गुडघे कुरकुरायचे. पण अंगाची कुरकुर आणि चालकांची कुरकुर यांत ताई फारसा फरक करत नसत. दोन्हीकडे हसून दुर्लक्ष.

एका सुट्टीच्या सकाळी न्हाणीघरातून धप्प असा आवाज आला. ताई धावल्या. सासूबाई ओल्या फरशीवर बसलेल्या, चेहऱ्यावर भीतीपेक्षा रागच जास्त. "काही झालं नाही गं, घसरले नुसती," त्या म्हणाल्या. त्यांना धरायला ताई गुडघ्यांवर खाली बसल्या. सासूबाईंनी बेसिनची कड पकडली, एकदा "हं" केलं आणि त्या उभ्या राहिल्या.

ताईंना मात्र उठता येईना. उजवा पाय पुढे घ्यावा तर गुडघ्यातून कळ, डावा घ्यावा तर मांडीत जोरच नाही. हात टेकून पाहिलं, भिंतीला धरून पाहिलं. शेवटी सासूबाईच दाराशी गेल्या आणि त्यांनी शेजारणीला हाक मारली. शेजारीण घाबरून आली, तेव्हा म्हातारीने शांतपणे सांगितलं, "पडले मी. उचलायचं आहे सुनेला."

दुपारपर्यंत हे वाक्य सगळ्या इमारतीत फिरलं. ताईही पोट धरून हसल्या. पण नंतर स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता त्यांचे हात थांबले. आज आईंना काही लागलं नव्हतं म्हणून ठीक. खरंच हाड मोडलं असतं, तर आपण त्यांच्याजवळ नुसत्या बसून राहिलो असतो. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि चिरत होत्या ती भाजी कांद्याची नव्हती.

ऑफिसात त्यांच्या शेजारच्या टेबलावर एक उत्साही मैत्रीण होती. ती बाजूने गेली तरी कागद उडत, म्हणून तिचं नाव तुफान. ताईंनी व्यायामाचा नुसता विषय काढला आणि तुफान उठलंच. "अगं, माझ्याबरोबर मैदानावर चल! सकाळचा वर्ग आहे, महिन्याभरात नवरा ओळखणार नाही तुला!"

"त्याने ओळखलं नाही तर जेवायला कोणाला वाढू?" ताई म्हणाल्या. पण गेल्या.

मैदानावर एक शिट्टीवाले सर होते. शिट्टी वाजली की उड्या, शिट्टी वाजली की पळणं, शिट्टी वाजली की जुनं टायर उलथणं. सर वाईट नव्हते, पण त्यांच्यापुढे चाळीस माणसं होती आणि शिट्टी एकच. पहिल्या दिवशी ताईंना अंगात वीज आल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी गुडघा एवढा सुजला की चपलेत पाय सरकवताना त्या कळवळल्या. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "फाटलं वगैरे काही नाही. सूज उतरू द्या. व्यायाम सोडू नका, पण हा सोडा."

मग फोनवरचा व्यायाम झाला. त्यातली बाई लाडिक आवाजात ओरडायची, "शाब्बास! तू वाघीण आहेस!" आतल्या खोलीतून सासूबाई विचारायच्या, "कोण आलंय गं?" वाघिणीला गुडघा आहे की नाही, हे त्या बाईने एकदाही विचारलं नाही. थोड्याच दिवसांत फोन पुन्हा फोनसारखा वापरला जाऊ लागला, आणि ताईंनी जाहीर केलं, "व्यायाम माझ्या अंगाला लागू पडत नाही. काहींना औषध लागू पडत नाही, तसं."

ताईंचे यजमान औषधांच्या दुकानात होते. बोलणं मोजकं, पण बोलले की बाटलीवरच्या चिठ्ठीइतकं नेमकं. एका संध्याकाळी ताटं पुसता पुसता त्यांनी विचारलं, "नव्या चालकाला तू पहिल्याच दिवशी घाटातली गाडी देतेस?"

"अहो, वेड लागलंय का? आधी सपाट रस्ता. मग गावातली गर्दी. मग कोणाबरोबर तरी घाट. मग..." ताई थांबल्या.

"मग स्वतःला का दिलीस?"

ताईंनी हातातलं ताट तसंच धरून ठेवलं. त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी कामावर बसल्यावर त्यांना हे पटत गेलं. कागदावर देखणी दिसणारी ड्यूटी रस्त्यावर चालत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मार्ग बघायचा, माणूस बघायचा, मगच गाडी लावायची. मग त्यांनी ठरवलं की व्यायामाचे वर्ग आधी नुसते बघायला जायचं. पैसे भरायचे नाहीत, भारावून जायचं नाही.

वाटेवर काचेच्या भिंतींची एक मोठी व्यायामशाळा होती, तिथे त्या आधी गेल्या. चकाचक यंत्रं, थंड हवा. समोरच्या तरुणाने आधीची आणि नंतरची चित्रं दाखवली आणि म्हणाला, "सवलत फक्त आजच्यापुरती आहे, मॅडम." त्याने नाव विचारलं, फोन विचारला, वाढदिवस विचारला. काय दुखतं ते विचारलं नाही. ज्याला आजच्या आज सही हवी असते त्याच्या गाडीचे ब्रेक आधी तपासावेत, असं मनाशी म्हणत ताई बाहेर पडल्या.

दुसरी जागा एका दुकानावरच्या हॉलमध्ये होती. तिथे शिकवणारी बाई पूर्वी हँडबॉल खेळायची. केस बारीक कापलेले, आवाज करडा. ताई बाकावर बसून बघत राहिल्या. वर्ग दणकट होता, पण बाईंची नजर प्रत्येकाच्या पायांवर होती. कोणाचा गुडघा आत वळला की त्या लगेच जवळ जात.

वर्ग सुटल्यावर त्या घाम पुसत ताईंशेजारी बसल्या. "काय जमायला हवंय तुम्हाला?"

"थोडं वजन कमी..."

"ते सगळेच म्हणतात. खरं काय ते सांगा."

आणि ताईंनी न्हाणीघरातली सगळी गोष्ट सांगितली. ही गोष्ट ऐकून न हसलेलं हे पहिलं माणूस. "मला खाली बसून उठता यायला हवं," ताई म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाला धरून उठवायचं असताना."

"या खुर्चीवरून उठून दाखवा. हात न लावता."

ताईंनी जोर केला. अर्धवट उठल्या आणि परत बसल्या.

"मग माझा वर्ग तुमच्यासाठी नाही. आज तरी नाही."

ताईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. बाईंच्या ते लक्षात आलं असावं. "जागा आहे माझ्याकडे. घेतलं तर तुम्ही याल, दात-ओठ खाऊन करालही. आणि काही दिवसांत गुडघा धरून घरी बसाल आणि म्हणाल, व्यायामच वाईट." मग त्यांनी आगारामागच्या दवाखान्यातल्या एका फिजिओथेरपिस्टचा पत्ता दिला. ती ऑफिस सुटायच्या वेळेला छोटा वर्ग घेत असे.

"तुमच्या नात्यातल्या आहेत का?" ताईंनी विचारलं.

"ओळख ना पाळख. पण तिच्या हाताखालून आलेली माणसं माझ्याकडे टिकतात."

घरी जाताना बसमध्ये ताईंना एकाच वेळी अपमान झाल्यासारखंही वाटत होतं आणि कोणीतरी खांद्यावर शाल टाकावी तसंही. आपलं दुकान उघडं असताना गिऱ्हाइकाला शेजारचं दुकान दाखवणारं माणूस त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

फिजिओबाई वयाने लहान आणि बोलायला संथ होत्या. त्यांनी डॉक्टरांचे कागद मागितले, दोन्ही गुडघे हाताने चाचपले, मग एका उंच खुर्चीवर उशी ठेवली. "इथून उठा." ताई उठल्या. इतक्या सहज उठल्या की त्यांना लाज वाटली.

"हा काय व्यायाम झाला?"

"हा सपाट रस्ता," फिजिओबाई म्हणाल्या. त्यांना ताईंच्या कामाबद्दल काही ठाऊक नव्हतं. ताई इतक्या मोठ्याने हसल्या की बाकीचे वळून बघू लागले.

पुढे उशी गेली. मग खुर्ची ठेंगणी झाली. मग खुर्चीच्या जागी स्टूल आलं. फिजिओबाईंचा एकच प्रश्न असे, "दुखतंय, की जड जातंय? जड गेलं तर चालेल. दुखलं तर लपवायचं नाही." हा फरक ताईंना आजवर कोणी शिकवला नव्हता. वर्ग आठवड्यातून दोनदाच. "एवढ्याने काय होणार?" असं ताईंनी विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं, "रोज ठरवून पंधरवड्यात सोडाल, की दोनदा ठरवून वर्षभर याल?" त्यावर ताईंनी वाद घातला नाही. हीच भाषा त्या चालकांशी बोलत आल्या होत्या.

ऑफिसात त्यांनी प्रिंटर खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला. ड्यूटी बदलली की फोन करण्याऐवजी जिना उतरून स्वतः सांगायला जाऊ लागल्या. सुरुवातीला खाली घबराट पसरली. "ताई स्वतः आल्या म्हणजे कोणाची तरी रजा गेली!" नंतर सवय झाली. तुफान मैदानावरच जात राहिली आणि खूश होती. तिच्या अंगाला ते मानवत होतं. दोघींनी एकमेकींना ओढणं सोडून दिलं, आणि मैत्री उलट वाढली.

सगळं सरळ चाललं असं नाही. मधे सासूबाईंना ताप आला, वर्ग बुडाले, आणि बुडाले तसे बुडतच गेले. पुन्हा जाताना ताईंनी वाटेत चार सबबी घोकून ठेवल्या. दारात फिजिओबाई म्हणाल्या, "आलात? बरं झालं," आणि स्टूल पुढे सरकवलं. सबब कोणी मागितलीच नाही. त्या संध्याकाळी घरी जाताना ताईंना वाटलं, माणसाला परत येऊ देणं ही किती मोठी गोष्ट आहे.

एकदा सकाळी सासूबाईंच्या कानातल्या यंत्राची बारीक बॅटरी हातातून निसटून पलंगाखाली गेली. ताई खाली बसल्या, पलंगाखाली हात घालून चाचपलं, बॅटरी काढली, फुंकर मारली, उभ्या राहिल्या आणि सासूबाईंच्या तळहातावर ठेवली. सासूबाई बॅटरीकडे बघतच नव्हत्या.

"उठलीस," त्या म्हणाल्या.

"हो आई, ऑफिसला उशीर होतोय."

"अगं, उठलीस तू. काहीही न धरता."

ताईंनी खाली फरशीकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. कानात यंत्र नसताना सासूबाईंना ऐकू येत नसे, म्हणून ताईंनी आणखी काही बोलायच्या ऐवजी त्यांचा हात घट्ट धरला. ऑफिसला उशीर झालाच.

त्याच आठवड्यात ताई त्या दुकानावरच्या हॉलमध्ये गेल्या. हँडबॉलवाल्या बाईंनी त्यांच्याकडे बघून भुवया आवळल्या. "तुम्ही?"

"तुम्ही मला नाही म्हणाला होतात."

"मी बऱ्याच जणांना म्हणते."

"त्यांतली मी एक. आभार मानायला आले."

बाईंनी हातातला टॉवेल बाकावर ठेवला. मग म्हणाल्या, "नाही म्हटल्यावर माणसं रागावतात. परत येऊन आभार मानणाऱ्या तुम्ही पहिल्या." त्यांनी बसायला बाकाकडे हात केला. "मग, आता येताय माझ्याकडे?"

ताईंनी मनापासून विचार केला. "नाही. मला तिथेच बरं वाटतंय."

"शहाण्या आहात," बाई म्हणाल्या आणि हसल्या. हसल्यावर त्या अगदी लहान मुलीसारख्या दिसल्या.

घरी ही हकिगत ऐकल्यावर सासूबाईंनी कानातलं यंत्र नीट बसवलं. मग म्हणाल्या, "तुझी ती फिजिओबाई माझ्यासारखीला घेते का?"

पुढच्या वर्गाच्या दिवशी ताई ऑफिसातून लवकर निघाल्या, घरी जाऊन सासूबाईंना घेतलं आणि दोघी बसथांब्यावर उभ्या राहिल्या. गाडी आली. चालक ओळखीचा होता. ताईंना बघून त्याने गाडी अगदी कडेला लावली, दार उघडलं आणि मदतीला उठू लागला.

"बस रे तू जागेवर," सासूबाई म्हणाल्या. "आणि घाई करू नकोस."

त्यांनी दांडा धरला आणि पाय पायरीवर ठेवला. ताई मागे उभ्या राहिल्या, हात पुढे केलेला, पण न लावता. गाडीतल्या कोणालाही घाई नव्हती.