कॉलम नसलेलं पळणं

आमच्या ऑफिसातले रिपोर्ट कुलपात असतात, किस्से मात्र सगळीकडे पसरलेले. दर सीझनला दोन-चार वाढतात, आणि ज्याची फजिती झाली तोच ते जास्त रंगवून सांगतो. काम सांगायचं तर सोपं आहे. बेसबॉलच्या मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्ये, शेकडो पोरं खेळतात. आमच्या क्लबच्या पोरांपैकी कोण वर मेजर लीगला पोचेल, हे आम्ही आठ जणांनी सांगायचं. बहुतेक पोचत नाहीत. त्यामुळे सरसकट ‘नाही’ म्हणत बसलं तरी माणूस हुशार ठरतो. मला ती हुशारी कधीच पटली नाही.

*

मी नागपूरचा. अमेरिकेत बॉथेलला राहून सात वर्षं सॉफ्टवेअर केलं, मग आकडेमोड बरी येते म्हणून या क्लबनं घेतलं. हातात बॅट धरली ती फक्त क्रिकेटची. पहिल्याच आठवड्यात एका पोराचा रिपोर्ट लिहिला. आमच्याकडे मार्क वीस ते ऐंशीमध्ये देतात. मी त्याला पस्तीस दिले. बॉस लिंडा म्हणाली, ठीक आहे, याला सोडून देऊ.

मी उडालोच. "सोडता कशाला? पास झालाय तो!"

आपल्याकडे पस्तीसला पास असतं हे त्या बाईला कोण सांगणार? इथे पन्नास म्हणजे मेजर लीगमधला साधारण खेळाडू, आणि पस्तीस म्हणजे बॅग भरा. मी घाईघाईनं पंचेचाळीस केले. पोरगा वाचला, मी सापडलो.

*

सापडलो अशासाठी, की ऑफिसात एक रिवाज आहे. दिलेला नंबर, म्हणजे मार्क, जो बदलेल, त्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ब्रेकफास्ट आणायचा. कधीही बदला, सुटका नाही. बाकीचे डोनट आणतात. मी इरेला पेटून तर्री पोहे नेले.

आमच्यात रॉय नावाचा स्काउट, म्हणजे मैदानोमैदानी फिरून खेळाडू हेरणारा, आहे. सत्तरीचा, गळ्यात कायम स्टॉपवॉच, लॅपटॉपवर राग. त्यानं तर्रीचा लालभडक तिखट रस्सा वेगळ्या वाटीत दिसला म्हणून सूप समजून एका दमात पिऊन टाकला. मग त्यानं पाण्याची अख्खी बाटली रिकामी केली. शेवटी घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाला, "यापुढे याला नंबर बदलायला कुणी सांगू नका."

*

पुढच्या उन्हाळ्यात आई आली. तिनं तीस वर्षं गणित शिकवलं आणि बोर्डाचे पेपर तपासले. तिला मॅचला नेलं. गेटवर फक्त पारदर्शक पिशवी चालते, म्हणून तिनं चिवडा आधीच तशा पिशवीत भरलेला. गार्डनं तपासणीच्या नावाखाली मूठभर घेतला.

त्या दिवशी आमच्या क्लबचा एमिलियो खेळत होता. तो कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा. वय अठ्ठावीस, मायनर लीगमध्ये सातवं वर्ष, बॅटिंग यथातथाच. हिवाळ्यात सासऱ्याच्या टायरच्या दुकानात काम करायचा. क्लबनं सोडलं तर बाराही महिने तेच. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाला, "टायर कुठे पळून जात नाहीत. आधी बॉल."

आईनं नऊपैकी दोन इनिंग बघितल्या आणि विचारलं, "काहून रे, हा एवढं चिलखत घालून दरवेळी पहिल्या बेसकडे का पळतो?"

मी सांगितलं, बॅटिंगवाला बॉल मारून आधी त्या बेसकडे धावतो, म्हणून त्याला आउट करायला तिकडे थ्रो येतो. तो चुकला तर मागे बॉल अडवायला कुणीतरी हवं.

"मग चुकला का?"

"आज नाही."

अकरा वेळा पळाला. आईनं बोटांवर मोजलं. बॉल एकदाही आला नाही. चिवडा संपवून तिनं विचारलं, या पोराला किती दिलेस? म्हटलं, बॅटिंगला तीस. आणि या पळण्याला? म्हटलं, त्याला कॉलम नाही.

"मग कॉलम काढ," आई म्हणाली. "पेपर कोरा नाहीये त्याचा. तू पुरवणी जोडलेली बघितली नाहीस."

*

मी बघायला लागलो. तीन महिने एमिलियोची प्रत्येक मॅच बघितली. दहा धावांनी हरताना पळाला. भर उन्हात पळाला. बोटाला पट्टी बांधून पळाला.

सीझन संपल्यावर मीटिंग झाली. ज्याला त्याला आपला नंबर कार्डावर लिहून आधीच द्यावा लागतो. एमिलियोच्या नावावर सात कार्डांवर तीस होते, रॉयचंही त्यात आलं. माझ्यावर चाळीस, म्हणजे गरज पडली तर मेजर लीगमध्ये उभा राहील असा माणूस.

लिंडानं शांतपणे सांगितलं की कॉम्प्युटरही नाहीच म्हणतोय, आणि तो प्रोग्राम तूच लिहिला आहेस.

"म्हणूनच मला माहीत आहे," मी म्हटलं, "त्याला काय दिसत नाही ते."

ती म्हणाली, अजून बदलू शकतोस, पोहे खायची माझी तयारी आहे. मी नाही म्हटलं. शेवटी एमिलियोला एक सीझन मिळाला, माझ्या नावावर. एकच.

*

तो सीझन वाईट गेला. एप्रिलमध्ये बॅट चालेना, जूनमध्येही चालेना. रॉय दर सोमवारी माझ्या टेबलावर त्याचे आकडे ठेवून निघून जायचा. मी ते ड्रॉवरमध्ये टाकायचो आणि मॅचला जायचो.

ऑगस्टमध्ये मेजर लीगच्या टीमचे दोन्ही कॅचर एकाच आठवड्यात जखमी झाले, आणि एमिलियोला वर बोलावलं. संध्याकाळची मॅच आम्ही आठही जण ऑफिसच्या टीव्हीवर बघत होतो. नागपुरात सकाळ झालेली, आई चहा घेऊन फोनवर बघत होती.

एमिलियो बॅटिंगला तीनदा आला, तिन्ही वेळा आउट झाला. रॉयनं ते आकडे कागदावर उतरवून माझ्यासमोर सरकवले.

शेवटची इनिंग. आम्ही एका धावेनं पुढे, एक आउट हवा. बॉल जमिनीवरून गेला, आमच्या पोरानं उचलला आणि पहिल्या बेसकडे फेकला तो पार बाहेर. लिंडानं डोळ्यांवर हात ठेवले. समोरच्या टीमचा धावणारा बिनधास्त दुसऱ्या बेसकडे वळला.

बॉल कुंपणापर्यंत गेलाच नाही. वाटेतच चिलखत घातलेला एमिलियो उभा होता. त्यानं उचलला, दुसऱ्या बेसकडे फेकला. आउट. मॅच संपली.

माझा फोन वाजला. आईचा मेसेज होता: "बॉल आला."

टीव्हीवर सगळे एमिलियोच्या अंगावर पडले होते. रॉयनं गळ्यातलं स्टॉपवॉच काढून टेबलावर ठेवलं आणि माझ्याजवळ येऊन बसला.

"तुझ्या आईला विचार," तो म्हणाला, "आठ माणसांना पोहे किती लागतात."