मामा, मी आणि मामीचा चहा

मंडळी, आज नंदाखालला मामाकडे गेलो होतो. मामाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला तयार करायचं होतं.

मला रेटिनाचा आजार आहे, आईच्या माहेरकडून आलेला. प्रकाश टिपणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. समोरचं नीट दिसतं, बाजूचं आणि खालचं नाही. गेलेल्या पेशी परत येत नाहीत, म्हणून उरलेल्या जपायच्या. उन्हात काळा चष्मा, टोपी आणि नियमित तपासणी. डॉक्टर म्हणाले, "मामांनाही घेऊन या."

"मला काय झालंय?" मामा म्हणाला. "पेपरातल्या बारीक जाहिरातीपन वाचतो मी. परवा केळीच्या चरात पडलो, ते चप्पल घसरली म्हणून."

मी समजावत होतो, तो ऐकत नव्हता. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत तावातावाने बोलत होतो.

तेवढ्यात बाजूने आवाज आला, "अरे, कोनीतरी घ्या रे! हात भरून आले माझे."

मामी केव्हाची आमच्या बाजूला चहाचा ट्रे धरून उभी होती. तो ना मला दिसला, ना मामाला.

मला हसू आवरेना. मामा मामीवरच खेकसला, "खाकरता येत नाय तुला?" मग त्याने ट्रेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मामीच्या हातातून ट्रे स्वतःच घेतला.

मी निघताना मामा हळूच म्हणाला, "सोमवारी येतो. पन तू सोबत आत चल."

तुमच्या घरातल्या हट्टी मामा-काकांना तपासणीला कसं नेलंत? लवकर सांगा, सोमवारपर्यंत हा माणूस शब्द फिरवू शकतो.