इन्सुलिनवाल्या डॉक्टरीणबाई

मये गावच्या दवाखान्यात दर मंगळवारी एक डॉक्टरीणबाई यायच्या. इन्सुलिनने पेशी वाढतात, मग मधुमेहवाल्यांना कॅन्सर जास्त होतो का, हे त्या शोधत होत्या. त्यासाठी आमचे हे रक्त द्यायला जायचे. शीर वर यावी म्हणून बाई ह्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ऊब द्यायच्या. मी बाकावरून बघत राहायचे. चहातली साखर सोडा, असं मी सात वर्षं सांगत होते. त्यांनी एकदाच सांगितलं आणि ह्यांनी सोडली.

एकदा त्यांनी विचारलं, "घरी सुई कोण टोचतं?"

"ही. टोचली ती कळतच नाय," हे म्हणाले.

"मला शिकवा हो वहिनी. माझी आई माझ्या हातून सुई घेत नाही."

आठवडाभर मी खुशीत होते. पुढच्या मंगळवारी ह्यांनी इस्त्रीचा शर्ट मागितला. मी चुरगळलेलाच दिला.