तांबड्या भाजीचा वाफा आणि शेजारचं मांजर

शेजारच्या काकींच्या मांजरानं माझा तांबड्या भाजीचा वाफा तिसऱ्यांदा उकरला, तेव्हा मी घरात जाहीर केलं की आता या मांजराचा बंदोबस्त करायचा. कारण भाजीचं सांगितलं. ते खोटं नव्हतं. तांबड्या भाजीचं बी मोहरीपेक्षाही बारीक असतं. राखेत कालवून, मूठ हलवत, सगळीकडे सारखं पडेल असं ते टाकावं लागतं, आणि टाकण्याआधी माती चाळल्यासारखी मऊ करून घ्यावी लागते. मांजराला नेमकी अशीच माती हवी असते. ते येई, वाफ्याच्या मधोमध खड्डा करी, आपलं काम उरकी आणि बी घातलेली माती मागच्या पायांनी उडवून निघून जाई. पण खरं कारण भाजी नव्हती.

आमचं घर कारापूरला. मागच्या परसात विहीर, दोन माड, धुणं धुवायचा दगड, त्याच्या बाजूला कढीपत्त्याचं झाड, आणि काकींच्या आणि आमच्यामध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. बाबा खाणीवर वजनकाट्याला होते. आता ते कायमचे घरी आहेत. मीही आठवड्यातले चार दिवस घरूनच काम करते, हॉटेलांच्या वेबसाइटसाठी इंग्रजीत मजकूर लिहिते. तुळशीचं लग्न झाल्यावर बाबांनी वाफा खणायला घेतला आणि मी म्हटलं, बी मी घालते. मला वाटलं होतं, दोघं मिळून काम करू, म्हणजे आपोआप बोलणं होईल.

पहिल्या दिवशी अर्धा वाफा खणून झाला तोवर ते मला तीन वाक्यं बोलले. "फातर काढ." "बाजूक ठेव." "बस झालां." मग गडग्यावर मांजर आलं. पांढरं, पाठीवर काळे ठिपके, एक कान थोडा फाटलेला. बाबांनी कुदळ खाली ठेवली.

"आयलंस गो बाय? खंय होतंस सकाळपासून? पोट बघ कसां खपाटीक गेलां. काकीन दूध दिलां नाय? रव, रव, बांगडे येवदेत. तुका दोन तकल्यो."

मी दगडांची पाटी घेऊन उभी होते. इतकं लांब बोलताना मी त्यांना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. आणि बाय म्हणजे मी होते. चार वर्षांची होईपर्यंत या घरात बाय मीच होते.

नंतर मला शहरातल्या इंग्रजी शाळेत घातलं. पहिल्याच पालकसभेत बाईंनी सांगितलं, घरी मुलीशी इंग्रजीतच बोला, नाहीतर ती मागे पडेल. आमच्या वाड्यावरच्या बऱ्याच घरांना हे सांगितलं गेलं होतं, आणि बहुतेकांनी ते आठ दिवसांत सोडून दिलं. माझ्या आईनं तर दोनच दिवसांत. बाबांनी सोडलं नाही. डॉक्टरनं सांगितलेली गोळी घ्यावी तसं त्यांनी ते घेतलं. "कम." "ईट." "गुड." "स्लीप नाव." त्यांच्याकडे इंग्रजी शब्द तेवढेच होते, ते संपले की ते गप्प बसत. मग गप्प बसायची सवय झाली. मी दहावीला पोचेपर्यंत ते मला आईमार्फत विचारू लागले. मी त्याच खोलीत असे आणि ते आईला म्हणत, "तिका चाय जाय काय विचार."

माझीही चूक आहे. मी आधी इंग्रजीत उत्तरं देई, पुढे पुस्तकातल्यासारख्या मराठीत. त्यांच्या बोलीत कधीच नाही. ती मला कळायची, पण तोंडातून काढायची लाज वाटे.

माझं कामाचं मेज मागच्या खिडकीला लागून आहे. तिथून सगळं दिसतं आणि ऐकू येतं. पाववाला पोदेर सकाळी उंडे, म्हणजे गोल कडक पाव, देऊन जातो. त्यांचं कडक कवच बाबा चहात बुडवून खातात आणि आतला मऊ गर मांजराला घालतात. लहानपणी तो गर माझा असे. डावा गुडघा चढणीवर दुखतो, हे त्यांनी मांजराला सांगितलं तेव्हा मला कळलं. अजून स्वप्नात ट्रक येतात, काट्यावर उभे राहतात आणि वजन काही दिसत नाही, हेही मांजरालाच सांगितलं. मी हेडफोन लावलेले असत, पण त्यात काही चालू नसे. एका जनावराचा मला इतका हेवा वाटत होता की हॉटेलच्या स्विमिंग पूलवर दोन ओळी लिहायला सकाळ जाई.

तर बंदोबस्त. त्याला इजा होऊ द्यायची नाही, हे मी सुरुवातीलाच ठरवलं होतं. हेवा वाटला म्हणून काही मी दगड मारणाऱ्यातली नाही. आईनं सांगितलं, "डांबराच्या दोन गोळ्या टाक, वासानंच येवचां नाय." मी फोनवर वाचलं होतं की त्या मांजरांना विषारी असतात. मिरचीपूड टाकली तर पंजे भाजतात आणि तेच पंजे ते चाटतं. "मग निळीची बाटली ठेव," आई म्हणाली. आमच्या रस्त्यावर अर्ध्या घरांच्या फाटकाशी कुत्र्यांसाठी निळ्या पाण्याच्या बाटल्या उभ्या असतात. मी ठेवली. मांजर दुपारी तिच्या सावलीत पाय पसरून झोपलं. मग संत्र्याच्या साली. त्या वासानं ते दोन दिवस नाक वाकडं करून लांबून गेलं. तिसऱ्या दिवशी साली वाळल्या आणि त्यानं चौथा खड्डा केला.

शेवटी मी काकींकडे गेले. कोणाच्या दारात जाऊन काही मागणं मला जड जातं, म्हणून वाक्य मनात जुळवून गेले होते. त्यांनी ते पुरं होऊ दिलं नाही.

"आमचां मांजर? आमचां खंय रवलां ता? जेवणाक तुमच्याकडे, झोपाक तुमच्याकडे. आमच्याकडे फक्त उंदीर बघूक येता, आणि बघून परत जाता."

"माझा वाफा उकरतं, काकी."

"मगे तुझ्या बापाशीक सांग. जावयाचे करूचे नाय तितके लाड त्या मांजराचे करता. तू जावई हाड, म्हणजे तेचां मन खंयतरी लागात."

मी खाली बघितलं. काकी हसल्या आणि लगेच मदतीलाही लागल्या. गोठ्यामागे त्यांच्याकडे घराच्या बांधकामातून उरलेली रेती पडली होती. आम्ही ती एका तुटक्या टोपलीत भरून त्यांच्याच भिंतीच्या आडोशाला ठेवली. मांजराला उकरायला स्वतःची जागा मिळाली तर ते दुसऱ्याची शोधत नाही, असं मी वाचलं होतं. दुपारी बाराच्या आत त्याला घरीच भात-मासळी घालायचं काकींनी कबूल केलं. वाफ्यावर मी जाळी आडवी अंथरली, तिच्यावर बोटभर माती पसरली आणि बी पुन्हा घातलं. जाळीतून रोप वर येतं, पण पंजाला खणता येत नाही.

तरीही मांजर यायचं. वाफा उकरत नसे, पण रोज दुपारी कढीपत्त्याखाली हजर असे. मी दोन दिवस विचार करत होते, आणि उत्तर नाकाखाली होतं. आमच्याकडे मासळी धुतलेलं पाणी कढीपत्त्याला घालतात. सगळेच घालतात, त्यानं झाड तरारतं. लहानपणापासून बघितलेलं, म्हणून ते मला दिसतच नव्हतं. एका बाजूनं मी संत्र्याच्या साली मांडत होते आणि वाफ्यापासून चार हातांवर आम्ही रोज मांजराला आमंत्रण देत होतो.

दुसऱ्या दिवशी बाबा आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसून तारले मासे साफ करत होते. झाल्यावर मी पुढे होऊन पाण्याचं भांडं उचललं. "मी टाकते." ते आदोळी धुवायला लागले. मी ते पाणी आणि माशांच्या डोक्यांच्या तकल्या लांबच्या माडाच्या आळ्यात घातल्या आणि वर माती ओढली. पुढचे चार-पाच दिवस मी तसंच करत राहिले.

मांजर यायचं थांबलं.

वाफ्यात लाल सुतासारखे अंकुर दिसू लागले. परस माझं झालं. आणि बाबा गप्प झाले, म्हणजे पूर्वी माझ्याशी गप्प होते, ते आता सगळ्यांशीच. मला वाटलं होतं की मांजर गेलं की ते बोलणं कुठेतरी वळेल, पाट फोडल्यावर पाणी वळतं तसं. तसं काही झालं नाही. उंड्याचा मऊ गर ताटलीत पडून वाळला. ते गडग्याशी जाऊन उभे राहत, पलीकडे बघत आणि परत येत. एकदा त्यांच्या हातात बांगड्याची तकली होती. मी भांडं उचलायच्या आधी त्यांनी ती बाजूला काढून ठेवली असावी. ती हातात घेऊन ते बराच वेळ उभे होते.

मी बाहेर गेले. हेडफोन गळ्यातच होते.

"बाबा, मांजर मीच बंद केलं."

"माका ठावूक आसा," ते म्हणाले. "जाळी घातलंस ती दिसली. काकीन रेतयेचां सांगलां. पाणी त्या माडाक घालतंस ताय दिसता."

"मग बोलला का नाही?"

त्यांनी तकली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुज्याकडे काय बोलूचां? मांजराक इंग्लिश येना, म्हणान बरां पडता."

ते विनोद करत होते. तोंडावर थोडं हसूही होतं. मला त्यावर काहीतरी हलकं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "माकाय इंग्लिश नको आसा." त्यांच्या बोलीतलं माझं ते पहिलं वाक्य, आणि तेही बहुतेक चुकलेलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, दुरुस्त केलं नाही.

"झाड सुकता," मग ते म्हणाले. "कढीपत्त्याक पाणी परत घाल."

"घालते. पण मासळी साफ करायला मला शिकवा."

"तुका?"

"मला."

मांजर दुसऱ्याच दिवशी आलं. त्याला पाण्याचा वास पुरतो. वाफ्यावरून चालत गेलं, एकदा पंजा मारला, जाळी लागल्यावर सोडून दिलं आणि कढीपत्त्याखाली बसलं. मी आदोळीवर होते, बाबा बाजूच्या दगडावर. त्यांनी मान वळवली. "आयलंस गो बाय? इतके दिवस रुसलंस?" आवाज तोच, मऊ, जो माझ्या वाट्याला येत नाही. हातातल्या बांगड्यावर अंगठा नको तितका जोरात दाबला गेला. पित्त फुटलं. हिरवट पाणी मांसावर पसरलं.

"अगो, किदें केलंस ह्यां? पित्त फोडलंस मगो. आता कडू जातलो सगळो. सांगलां नाय तुका, बोट आडवां घाल म्हणान? लक्ष खंय आसा तुजां? मांजराकडे कित्याक बघतंस, बांगड्याकडे बघ. धू तो, आदी धू. मीठ लाव. अशां न्हय, आतसून. देवा, ह्या चेडवाक कोणी हात दिलेत…"

ते थांबेनात. दुसरा बांगडा त्यांनी माझ्या हातात दिला आणि त्यावरही बोलत राहिले. कल्ला कुठे धरायचा, पोट किती उघडायचं, त्यांच्या आईनं त्यांना यासाठी कसं बदडलं होतं. मांजर तकलीची वाट बघत ओरडलं. "रव गो जरा," ते त्याला म्हणाले आणि परत माझ्याकडे वळून जिथे सोडलं होतं तिथून मला रागवायला लागले. मी मान खाली घालून, जितकं सावकाश करता येईल तितकं, बांगड्याचं पोट उघडत होते.