सहाव्या बोर्डाखालची टेप

"हे काय आहे?" ग्रेगने फिक्स्चर टेबलावर ठेवत विचारलं.

"टेप," डॉना म्हणाली.

"कोणी लावली?"

"मी."

फिक्स्चर म्हणजे सर्किट बोर्ड कापताना त्यांना खालून आधार देणारा साचा. त्याच्या एका कोपऱ्यात पिवळ्या टेपची चौपदरी घडी चिकटवलेली होती. ग्रेग आमचा क्वालिटी मॅनेजर. डॉना कटिंग मशीनवरची सकाळच्या शिफ्टची ऑपरेटर, याच प्लांटमध्ये एकवीस वर्षं काढलेली. मी प्रोसेस इंजिनिअर; मशीन आणि साचे माझ्या अखत्यारीत. अमेरिकेत मिशिगनमधल्या नोव्हायच्या आसपास गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपन्या पायलीच्या पन्नास. आमची त्यांतलीच एक.

कस्टमरकडून पॉवर स्टिअरिंगचे अकरा बोर्ड परत आले होते. प्रत्येकावरचा एक कपॅसिटर तडकलेला. हा पार्ट तिळाहून थोडा मोठा, सिरॅमिकचा. बोर्ड जरा वाकला की तडकतो, आणि तडा डोळ्यांना दिसत नाही. टेस्टमध्ये बोर्ड पास होतो, गाडीत गेल्यावर दगा देतो.

डॉनाला त्या वर्षी एक वॉर्निंग आधीच मिळाली होती, सेफ्टी ग्लासेस न घातल्याबद्दल. दुसरी मिळाली की घरी.

"शुक्रवारपर्यंत रिपोर्ट दे," ग्रेग मला म्हणाला. "टेपमुळे बोर्ड तिरका बसला, एवढं कन्फर्म कर."

खरं सांगते, माझा जीव भांड्यात पडला. दोष साच्याचा निघाला असता तर तो माझाच ठरला असता.

हे बोर्ड सुटे बनत नाहीत. वड्या करताना आपण सगळं मिश्रण एका ताटात थापतो आणि मग कापतो, तसंच हे. आठ बोर्डांचं एक पॅनेल असतं. सगळे पार्ट बसले की मशीनमधलं बारीक कटर बोर्डांमधले चिमुकले दुवे कापतं. त्याच्या खूप आधी, पहिल्याच स्टेशनवर, लेसर प्रत्येक बोर्डावर ठिपक्यांचा चौकोनी कोड उमटवतो. बोर्ड पॅनेलमध्ये कितव्या जागी होता, कुठल्या मशीनवर कधी गेला, हे सगळं त्यावरून सापडतं.

माझा रिपोर्ट अर्धा झाला होता. तेवढ्यात निखिल लॅपटॉप घेऊन आला. तो नागपूरचा, आमचा टेस्ट डेटा बघतो.

"ताई, अकराही कोड स्कॅन केले. यार, हे तर उलटंच निघतंय. सगळे सेकंड शिफ्टचे आहेत. डॉनाच्या शिफ्टचा एकही नाही."

"पण टेप तर तिथेच असते ना?"

"नसते. शिफ्ट संपली की स्टेशन क्लीन करून द्यायचं, असा रूल आहे. ती जाताना टेप काढते. आणि ऐक ना, अकराही बोर्ड सहा नंबरच्या जागेचे आहेत."

सहा नंबर म्हटल्यावर मी अर्धा झालेला रिपोर्ट बंद केला.

दोन महिन्यांपूर्वी कस्टमरने कोड मोठा मागितला होता. वर जागा नव्हती, म्हणून मी तो बोर्डाच्या खालच्या बाजूला, कडेला हलवला. सहाव्या जागी तो नेमका साच्यातल्या आधाराच्या पिनवर येऊ लागला. घासून कोड पुसट व्हायचा, स्कॅनरला वाचता यायचा नाही, लाइन थांबायची. मी पक्कड घेतली आणि पिन उपटून टाकली. आमच्या धंद्यात पिन हलवायची तरी चेंज फॉर्म भरून कस्टमरची मंजुरी घ्यावी लागते. एका पिनेसाठी कसला फॉर्म, असं म्हणून मी पुढच्या कामाला लागले.

निखिलने आणि मी दोन पॅनेल कापून पाहिली, एक टेप लावून, एक टेपशिवाय. टेप नसली की सहावा बोर्ड झुकायचा, आणि शेवटचा दुवा कापला जायच्या आधीच तुटायचा. डॉनाची टेप माझ्या पिनेचं काम करत होती.

मी तिच्याकडे गेले. "तू कोणाला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तुलाच. सहाव्याचा आवाज वेगळा येतो म्हटलं. तू लंचला चालली होतीस. 'आय विल लुक इन्टू इट' म्हणालीस."

म्हणाले होते. आठवलं, आणि लाज वाटली.

माझा व्हिसा कंपनीच्या भरवशावर. पार्किंगमध्ये गाडीत अर्धा तास बसून मी त्याचाच विचार केला. पिनेचं मला एकटीलाच माहीत होतं. 'साचा झिजला' असं लिहिलं असतं तरी खपून गेलं असतं. पण न विचारता टेप लावल्याचा ठपका डॉनावर राहिलाच असता. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी वर गेले आणि रिपोर्ट पहिल्यापासून लिहिला.

ग्रेगने तो दोनदा वाचला. "पिन तू काढलीस?"

"हो."

"फॉर्म?"

"भरला नाही."

"मग वॉर्निंग तुला."

"आणि डॉना?"

"तिनेही विचारलं नव्हतं. ट्रेनिंग घ्यावं लागेल. जॉब जाणार नाही."

सेकंड शिफ्टचे स्टॉकमधले सगळे सहा नंबर स्क्रॅप केले. बाहेर गेलेले परत मागवले. साच्यात कोडापासून लांब नवी पिन बसवली, फॉर्म भरून. त्याला तीन आठवडे लागले.

ट्रेनिंगला ग्रेगने आम्हा दोघींनाही बसवलं. शेवटी एक लेखी टेस्ट होती. शेवटचा प्रश्न असा: प्रोसेसमध्ये काही वेगळं जाणवलं तर कोणाला कळवाल? डॉनाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं, 'इंजिनिअरला. ईमेलने.' मला काही सुचेना, कारण इंजिनिअर मीच. शेवटी तिच्या पेपरात बघून तेच उतरवलं.