कोपर्निकसच्या हारातलं अकरावं फूल

चोवीस मे, म्हणजे अक्षरांचा सण, उजाडला की आमच्या यावोरिश्तेत थोर माणसं रस्त्यावर उतरतात. म्हणजे उतरतात त्यांच्या तसबिरी. पण गावात तसं कुणी बोलत नाही. "किरिल-मेतोदी निघाले का?" असंच विचारतात, जणू ते दोघे भाऊ आत्ता बसमधून उतरून पायी येतायत. पुढे बँड, मागे शाळेची पोरं, पोरांच्या हातांत आम्हाला अक्षरं देणारे हे दोन संत, त्यांच्यामागे क्रांतिकारक, कवी, चित्रकार, आणि शेवटी विज्ञानाच्या मास्तरांनी हट्टानं घुसवलेले मेरी क्युरी आणि कोपर्निकस. सगळे मिळून नऊ जण. आणि या नवांना नटवून घराबाहेर काढणारी दाफिनामावशी.

मावशी शिकली सातवीपर्यंत. पुढे दोऱ्याच्या कारखान्यात लागली. एका वसंतात कारखान्यानं 'मदतीला एक बाई' म्हणून तिला वाचनालयात हार विणायला धाडलं. त्यानंतर कारखाना बंद पडला, नवरा गेला, मुलगी स्पेनला स्ट्रॉबेरी तोडायला गेली ती तिकडचीच झाली. मावशीला मात्र वाचनालयातून परत बोलवायचं कुणाला सुचलंच नाही. ती दरवर्षी येत राहिली. मी तिथं नोकरीला लागलो तेव्हा माझ्या ताब्यात दोनच गोष्टी आल्या, किल्ल्या आणि मावशी. त्यातल्या गंजलेल्या फक्त किल्ल्या होत्या.

तिची कामाची पद्धत न्यारी. परसातले बोझुर घेऊन यायची. बोझुर म्हणजे चहाच्या कपाएवढी गुलाबी, लालभडक फुलं. एकेक तसबीर मांडीवर घ्यायची आणि दरवर्षी नव्यानं विचारायची, "इल्को, ह्यानं काय केलं रे?"

"मावशी, हा कोपर्निकस. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं ह्यानं सांगितलं."

"म्हणजे रात्र-रात्र अंगणात उभा! सर्दीनं बेजार असणार बिचारा."

की लगेच कोपर्निकसच्या हाराला ऊब म्हणून आतून लोकरीचा तांबडा धागा! मेरी क्युरी कुठल्याच फोटोत हसत नाही, म्हणून सगळ्यांत टपोरं फूल तिच्या हनुवटीखाली. आणि किरिल-मेतोदींमध्ये मेतोदी थोरला, तरी नाव नेहमी धाकट्याचं आधी घेतात. म्हणून मेतोदीच्या हारात दोन फुलं जास्त. "मनाला लागत असेल रे त्याच्या. हजार वर्षं ऐकून घेतोय."

एका बाबतीत मात्र ती कुणाचं ऐकायची नाही. फुलं विषमच हवीत. आमच्याकडे सम फुलं मेलेल्याला, विषम जिवंताला. पहिलीतलं शेंबडं पोरसुद्धा बाईंना फुलं देताना मोजून देतं. मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, "मावशी, हे नऊच्या नऊ मेलेलेच आहेत."

तिनं कात्री खाली ठेवली. "मेलेल्याच्या मागनं पोरं हसत चालतात का रे?"

मी पुढची तसबीर तिच्या मांडीवर ठेवली.

मिरवणुकीत ती सगळ्यांच्या मागे चालायची. एप्रनच्या खिशात कात्री आणि दोरा, डोळे तसबिरींवर. कुठं पाकळी निसटली की धावलीच! "ए, कवीला सरळ धर! झिंगलेला वाटतोय!" वर्षभर ती कोबी खारवायची, मिरच्या भाजायची, मुलीच्या फोनची वाट बघायची; पण हा एक तास गाव तिच्या पुढून चालायचं आणि तिला वाटायचं, आपणच ते ढकलतोय.

तर यंदा आमचे उपमहापौर कुंचेवसाहेब जिल्ह्याच्या गावाहून प्लॅस्टिकचे नऊ हार घेऊन आले. निळे-पांढरे गुलाब, चकाचक. एकदा घेतले की जन्माचा प्रश्न मिटला, असं त्यांचं म्हणणं. मावशीला म्हणाले, "आता तुम्ही आराम करायचा. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो तुम्हाला."

"खुर्चीत बसवायला मी काय तसबीर आहे?" मावशी फणकारली. "परसात बोझुर फुललेत. माझे हार आणि तुझे हार शेजारी ठेवू. गावाला ठरवू दे."

साहेब हसले. म्हणाले, ठरलं! आता मावशी जिंकणार याची मला खात्री होती. पण तेवीस तारखेला दुपारी आभाळ काळंठिक्कर पडलं आणि अक्रोडाएवढ्या गारा! पाच मिनिटं फक्त. मी धावत तिच्या परसात गेलो, तर ती चिखलात उभी. एकही बोझुर उभा नव्हता.

"बघ, इल्को," ती म्हणाली, "भाजी झाली."

त्या दिवशी पहिल्यांदाच ती मला म्हातारी दिसली.

चोवीसची सकाळ. ऊन असं लख्ख, जणू काल काही घडलंच नाही! वाचनालयाच्या पायऱ्यांवर नऊ तसबिरी, नऊ प्लॅस्टिकचे हार. चौकात अख्खं गाव. ग्रोझदानमास्तरांचा बँड सूर लावतोय, पोरं इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यांत. पहिल्या रांगेत ती खुर्ची. मावशी आली, सवयीनं एप्रन घालून, खिशात कात्री. पण खुर्चीकडे गेली नाही. सरळ कोपर्निकससमोर जाऊन उभी राहिली आणि तिची बोटं हलायला लागली. मग मेरी क्युरी. मग कवी. परत कोपर्निकस.

"स्पिरिदोन," तिनं कुंचेवसाहेबांना सगळ्यांसमोर नावानं हाक मारली, "किती फुलं आहेत रे एकेका हारात?"

"असतील आठ-दहा."

"दहा. सगळ्यांत दहा. कुठल्या दुकानातनं आणलेस?"

साहेब घसा खाकरायला लागले. मी कोपर्निकसचा हार उलटा करून पाहिला. मागं लांबलचक टोकदार तार, थडग्याच्या मातीत खुपसायची!

मग काय विचारता! चौकभर बातमी पसरली. म्हाताऱ्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. एक आजी नातवाला हाताला धरून ओढायला लागली, "माझा नातू मढ्याचा हार उचलणार नाही!" दुसरी म्हणाली, माझाही नाही. पोरं एकेक करून मागं सरकली. नऊ थोर माणसं पायऱ्यांवर एकटी. ग्रोझदानमास्तर अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "साहेब, कुठली धून लावू? ती स्मशानातलीपण येते आम्हाला."

"एकेक उपटून टाका!" साहेब ओरडले. "नऊ राहतील! इल्को, पक्कड आण!"

मी निघालोच होतो. पण मावशीनं माझी कॉलर धरली.

"काढून घेतल्यानं कुणी जिवंत झालंय का आजवर? घालावं लागतं. आणि खरं."

"खरं कुठून आणू?" साहेबांचा आवाज चिरकला. "गारांनी ठेवलंय काय गावात?"

मावशीनं मान वर केली. चौकाभोवती तीन मजली घरं, घरांना सज्जे, सज्ज्यांवर छपरं, आणि छपरांखाली कुंड्या! जिरेनियम, बिगोनिया, लाल, केशरी, ओळीनं, एकालाही गार लागलेली नाही!

"वर बघा गाढवांनो!" मावशी ओरडली. "हाराला एक, नऊ फुलं! फक्त नऊ!"

मग जी पळापळ झाली! खाटकाच्या बायकोनं वरूनच लाल जिरेनियम फेकलं, ते क्रांतिकारकाला. शाळेच्या बाई बिगोनिया घेऊन अनवाणी खाली आल्या, ती मेरी क्युरीला. कुणी नातवाच्या बाप्तिस्म्यासाठी जपलेलं फूल तोडलं, कुणी शेजारणीच्याच कुंडीला हात घातला आणि वरून शिव्या खाल्ल्या. मावशी पायरीवर बसून बांधत होती, दात, दोरा, कात्री. "मेतोदीला टपोरं ठेव! तेवढंच समाधान त्याला!" मी तसबिरी पुढं करत होतो, आणि एवढी मजा मला लग्नाच्या वरातीतपण आलेली नाही.

आठ झाले. नववं फूल, जिरेनियम, कोपर्निकसचं. ते पायऱ्यांवरून घरंगळलं आणि ढोलवाल्याच्या बुटाखाली गेलं. नऊच मागितली होती, पण लोकांनी ओंजळीनं तोडून तुडवली होती; चौकातल्या कुंड्या संपल्या. मिरवणूक निघायच्या वेळेचे टोले सुरू झाले. ढोलवाला स्वतःच्या बुटाकडे असा बघत होता, जणू तो दुसऱ्याचाच आहे.

तेवढ्यात मावशीला दुसऱ्या मजल्यावर नेवेना आजी दिसली. ही कुंचेवसाहेबांची आई. कठड्यावर तिचा निवडुंग, आणि निवडुंगावर कर्ण्यासारखं एक पांढरंशुभ्र फूल! रात्रीच उमललेलं. आजी पहाटेपासून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारून दाखवत होती.

"नेवेना, ते खाली टाक!"

"हात लावून बघ! कधी नव्हे ते फुललंय. संध्याकाळी मिटेल."

"मग संध्याकाळपर्यंत कोपर्निकसला दे!"

"तो कोण माझा?"

"तुझ्या लेकानं पुरलाय त्याला भर चौकात! आता उकर तू!"

सगळा चौक वर बघतोय. कुंचेवसाहेबांनी टोपी काढली आणि लहान पोरासारखे म्हणाले, "आई... टाक ना."

नेवेना आजीनं लेकाकडे पाहिलं, फुलाकडे पाहिलं. आत गेली. गेलीच, असं आम्हाला वाटलं. पण ती बाजाराची टोपली घेऊन आली आणि दोरीनं हळूहळू ते फूल खाली सोडलं, टॉवेलात गुंडाळून, काट्यांसकट! चौकातून अशी आरोळी उठली की कबुतरं उडाली.

मावशीनं ते तांबड्या धाग्यानं बांधलं. बोटातून रक्त आलं, ते एप्रनला पुसलं.

"टोचेल की त्याला," मी म्हटलं.

"टोचू दे. रात्री जागायचंय त्याला." मग ती जरा थांबली. "हे फूलपण रात्रीच फुलतं रे, इल्को. दोघं बरोबर चालतील."

दहा आणि एक, अकरा. बँड दणाणला! पोरं धावत येऊन तसबिरींवर तुटून पडली, आणि गंमत बघा, सगळ्यांना कोपर्निकसच हवा होता. मिरवणूक हलली. मावशी पायरीवरून उठली, खिशात कात्री टाकली आणि सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. कुंचेवसाहेब तिच्या शेजारी आले, टोपी अजून हातातच.

"मावशी, हार जपून ठेवतो मी. पुढच्या वर्षी एकेकच लागेल ना?"

"एकेकच. पण बांधायला मी लागेन."

"आणि खुर्ची?"

मावशीनं वळून पाहिलं. नेवेना आजी खाली उतरली होती. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर तिनं आपला निवडुंग आणून ठेवला होता, आणि त्याच्याशेजारी छाती काढून उभी होती.

"बसलंय की कुणीतरी," मावशी म्हणाली आणि धावली. "ए! कोपर्निकसला सरळ धर! चक्कर येईल त्याला!"